पुढची आच

नापोलीचा पिझ्झावाला सॉस शिजवत नाही. सोललेले टोमॅटो हाताने कुस्करायचे, मीठ घालायचे, संपले. तिथल्या पिझ्झा कारागिरांची १९८४ साली स्थापन झालेली एक संघटना आहे. अस्सल नापोली पिझ्झा कशाला म्हणावे याचे बारीकसारीक नियम तिने लिहून ठेवले आहेत आणि त्यांतही सॉसचे पातेले चुलीवर चढत नाही. २०१७ साली युनेस्कोने या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवले. इतका मान मिळालेल्या पिझ्झ्यावरचा सॉस कच्चा! इकडे इंदूरला पलासियातल्या कुठल्याही मराठी घरात "सॉस कसा करता हो?" म्हणून विचारा, उत्तर कढईपासूनच सुरू होईल. तेल तापवा, लसूण टाका, कांदा परता, टमाटर घाला आणि तेल सुटेपर्यंत हलवत राहा.

यात चुकतेय कोण? माझ्या मते कोणीच नाही. दोघे वेगवेगळ्या आचेसाठी सॉस करताहेत. सॉस किती शिजवायचा हे त्याचे पातेले ठरवत नाही. पातेल्यातून निघाल्यावर त्याला कुठली आच भेटणार आहे, ती ठरवते. एवढे एक ध्यानात आले की टोमॅटो कुठला घ्यावा, मिक्सर लावावा की किसणी, लसूण कधी घालावी, मीठ कधी, या सगळ्यांची उत्तरे आपोआप सुटत जातात. पाककृतीत मात्र हा प्रश्न कुठेच विचारलेला नसतो. तिथे "वीस मिनिटे मंद आचेवर शिजवा" एवढेच असते.

माझ्या ओळखीतल्या एका मावशींना मात्र हा पुढच्या आचेचा प्रश्न विचारायची सवय आहे. भाचीने फोनवर विचारले, "मावशी, सॉस किती वेळ शिजवू गं?" की त्या आधी उलट विचारतात, "अगं, पण पिझ्झा ओव्हनमध्ये करणारेस की तव्यावर?" उत्तर आल्याशिवाय त्या मिनिटे सांगत नाहीत.

खरे तर माळव्यात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट नवी नसावी. शेव-टमाटरची भाजी करताना रस्सा आपण मुद्दाम पातळ ठेवतो. उकळत्या कढईत डोकावले तर वाटावे, हे काय पाणी-पाणी करून ठेवलेय. पण वाढायच्या आधी त्यात रतलामी शेव पडणार असते, ती रस पिऊन फुगणार असते आणि ताटात येईपर्यंत भाजी बरोब्बर दाट होणार असते. रस्सा कढईतच दाट केला, तर ताटात लगदा येतो. पुढे काय पडणार आहे हे बघून आत्ता थांबायचे, ही अक्कल पलासियाच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. फक्त पिझ्झ्याची पाळी आली की ती कुठे जाते कोण जाणे. कदाचित इटलीचे नाव ऐकून माणूस बिचकत असावा.

आता आचा कुठल्या ते बघू. नापोलीच्या लाकडाच्या भट्टीचा घुमट ४८५ अंश सेल्सिअसच्या घरात असतो, तळ ३८० ते ४३० अंश. पिझ्झा आत राहतो ६० ते ९० सेकंद. टोमॅटोचे वरचे पाणी तेवढ्यात उडते, कडा कुठे कुठे करपतात, आणि आतला टोमॅटो शिजतो न शिजतो तोच पिझ्झा बाहेर. त्यामुळे ताज्या टोमॅटोचा तो हिरवट, देठाजवळचा वास शिल्लक राहतो. हा वास फार पटकन उडून जाणारा आहे, काही मिनिटांच्या उकळीत तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी शिजलेल्या टोमॅटोचा जड, गोडसर वास येतो. म्हणून नापोलीकर सॉस आधी शिजवत नाही. शिजवला तर भट्टी त्याला दुसऱ्यांदा शिजवेल.

घरचा विजेचा ओव्हन, म्हणजे ओटीजी, जेमतेम २३० ते २५० अंशांपर्यंत जातो. पिझ्झा आत राहतो १२ ते १५ मिनिटे. आणि तिसरी आच तव्याची. पलासियात घरोघरी, विशेषतः मुलांच्या वाढदिवसाला, हीच जास्त चालते: बेकरीतून आणलेला तयार बेस, जाड तवा, वर झाकण. इथे आच फक्त खालून. वरच्या अंगाला मिळते ती झाकणाखाली कोंडलेली वाफ. तिने चीज वितळते, बाकी काही घडत नाही.

तीन आचा, तीन सॉस. पण त्याआधी पाण्याचा हिशेब करायला हवा, कारण घरचा पिझ्झा बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे.

टोमॅटोत शेकडा ९४ भाग पाणी असते. पाणी हजर असेपर्यंत त्या जागचे तापमान १०० अंशांपुढे सरकत नाही, हे शाळेत शिकलेलेच आहे. (इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते; पण त्याने आपला हिशेब बदलत नाही.) शाळेतलाच दुसरा आकडा: एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी उष्णता लागते, पण उकळते पाणी वाफेत बदलायला आणखी ५४० लागतात. ४८५ अंशांची भट्टी हा खर्च हसत करते. ओटीजीला तो झेपत नाही. सॉसखालचा बेस तोवर उकडत राहतो, भाजला जात नाही. मग कडा कडक आणि मधला भाग ओल्या पावासारखा.

म्हणून लोक म्हणतात, सॉस आटवा. बरोबरच आहे, पण आटवल्याने नेमके काय होते ते बघण्यासारखे आहे. एक किलो टोमॅटोत ९४० ग्रॅम पाणी आणि ६० ग्रॅम ऐवज. ते अर्धा किलोवर आणले तर पाणी उरले ४४० ग्रॅम, म्हणजे शेकडा ८८. एवढे आटवून टक्केवारीत फरक पडला तो सहाचा! निराश व्हायला हरकत नाही, पण क्षणभरच. कारण चवीचा ऐवज आता अर्ध्या वजनात मावला आहे. कच्चा सॉस बेसवर ६० ग्रॅम पसरला तर त्याबरोबर ५६ ग्रॅम पाणी गेले. आटवलेला ३० ग्रॅम पसरला तर चव तेवढीच आणि पाणी २६ ग्रॅम. आटवल्याचा फायदा मिळतो तो कमी लावण्यातून. सॉस आटवून पुन्हा तेवढाच थापला तर आटवण्याची मेहनत निम्मी वाया गेली समजा. मी बघते ते पिझ्झे फसण्याचे हेच सर्वांत साधे कारण असते: सॉस चांगला आणि लावलाय पोळीला तूप लावल्यासारखा सढळ हाताने.

दुसरी गोष्ट, उरलेले पाणी मोकळे आहे की बांधलेले. टोमॅटोच्या गरात पेक्टिन असते. जॅम घट्ट होतो तो याच पदार्थामुळे. ते शाबूत असेल तर पाणी धरून ठेवते. पण टोमॅटोतच अशी विकरे असतात, की फळ कच्चे चिरडले की ती कामाला लागतात आणि पेक्टिन तोडतात. कच्चा टोमॅटो मिक्सरमधून काढून ठेवला की थोड्या वेळाने वर लगदा आणि खाली पिवळट पाणी असे दोन थर पडतात, त्यामागे ही विकरे. उलट, अख्खे टोमॅटो आधी उकळत्या पाण्यात गरम केले, तर साधारण ८५-९० अंशांच्या पुढे विकरे निकामी होतात आणि मग कुस्करलेला गर दाट राहतो. प्युरीचे कारखाने या दोन्ही रीती वापरतात, माल कसा हवा त्याप्रमाणे. आपल्या घरातही दुसरी रीत पूर्वापार आहे. टोमॅटोच्या साराला टोमॅटो अख्खे उकडून, साल काढून मग वाटतात. सार दाटसर, एकजीव लागते ते त्यामुळेच.

इथे गंमत अशी, की ओटीजीसाठी मला पाणी सुटायला हवे आहे आणि तव्यासाठी धरून राहायला हवे आहे. म्हणजे एकाच विकराला एकदा काम करू द्यायचे आणि एकदा आधीच निकामी करायचे.

ओटीजीचा सॉस आधी घेऊ. इथे सॉस चीजखाली १२-१५ मिनिटे राहणार आहे, त्याच्याच वाफेत शिजणार आहे. म्हणजे शिजवण्याचे काम ओव्हन करणारच आहे. त्याला जमत नाही ते पाणी उडवायचे. तेवढे आपण आधी करून द्यायचे. पाणी काढणे आणि शिजवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे एकदा मान्य केले की कढई लागतच नाही.

एक किलो टोमॅटो आडवे अर्धे कापावेत आणि कापलेली बाजू मोठ्या भोकांच्या किसणीवर घासावी. गर खाली पडतो, साल हातात राहते. सोलायची कटकट नाही, मिक्सर धुवायचा नाही. मिक्सरला माझा विरोध आहे तो आळसापोटी नाही. जोराने फिरवले की गरात हवा मिसळते आणि लाल रंगाचा भगवा-गुलाबी होतो. किसलेल्या गरात अर्धा चमचा मीठ घालून तो बारीक चाळणीत भांड्यावर अर्धा तास ठेवावा. विकरे आपले काम करतात, मीठ त्यांना हात देते, आणि खाली तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पाणी उतरते. टोमॅटोप्रमाणे कमी-जास्त.

हे पाणी फेकायचे नाही. बिया काढून टाकणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. टोमॅटोची जिभेवर रेंगाळणारी चव ज्या ग्लुटामेटमुळे येते, ते घट्ट गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त असते. इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली हे मोजून दाखवले. चाळणीखालच्या पाण्यात त्यातले बरेचसे उतरलेले असते, शिवाय साखर आणि आंबटपणाही. ते पसरट पॅनमध्ये मोठ्या आचेवर दोन-तीन चमचे उरेपर्यंत आटवावे आणि गार करून चाळणीवरच्या गरात मिसळावे. पाणी शिजले, गर कच्चा राहिला. ओव्हनला काम शिल्लक, पण झेपेल एवढेच. कंटाळा असेल तर तेच पाणी संध्याकाळच्या आमटीत जाऊ द्या, पिझ्झा थोडा भोळा लागेल, आमटी मात्र उठून दिसेल.

लसूण इथे बारीक ठेचून कच्चीच मिसळायची, दोन-तीन पाकळ्या पुरेत, कारण तीही आत शिजणार आहे. चमचाभर तेल. ओटीजी २० मिनिटे आधी तापवून, आत जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर पिझ्झा सरकवला तर खालच्या आचेची उणीव बरीच भरून निघते.

तव्याच्या सॉसचे सगळे उलटे. पुढे आच नाहीच, फक्त वाफ. तेव्हा जे काही शिजायचे ते कढईतच शिजायला हवे. पलासियातली गृहिणी तेल सुटेपर्यंत परतते ते अगदी योग्य; तिला इटलीतला कोणी "सॉस कच्चा ठेवा" सांगू लागला तर तिने त्याला आपला तवा दाखवावा. टोमॅटो साराप्रमाणे अख्खे उकडायचे, सोलायचे, रवीने किंवा मॅशरने मोडायचे. मग पसरट कढईत, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर. खोल पातेल्यात तेवढाच सॉस दुप्पट वेळ घेतो आणि तोवर त्याचा रंग काळवंडतो. थांबायचे कधी? थोडा सॉस बशीत टाकून चमच्याने मधोमध रेघ ओढा. रेघ भरून आली किंवा कडेने पाण्याची झालर सुटली तर अजून वेळ आहे.

तव्याच्या पिझ्झ्याला आणखी एक उणेपणा असतो. भट्टीत टोमॅटोच्या कडा करपून जो खमंगपणा येतो तो तव्यावर कुठून येणार? त्यावर उपाय सापडतो एका अनपेक्षित जागी. आंतोनियो लातिनी नावाचा कारभारी नापोलीत स्पॅनिश अमदानीत बड्या घरची मेजवानीची व्यवस्था बघत असे. त्याचे पाकशास्त्राचे पुस्तक १६९२ ते १६९४ या काळात दोन भागांत छापले गेले, आणि इटलीत छापलेली टोमॅटो सॉसची पहिली कृती त्यातलीच मानली जाते. तो म्हणतो ते असे: टोमॅटो निखाऱ्यावर भाजा, सोला, बारीक चिरा, त्यात कांदा, तिखट मिरची, रानओव्यासारखी सुवासिक पाने, मीठ, तेल आणि व्हिनेगर. ही तर आपली भाजलेल्या टमाटरची चटणी! खानदेशातून इंदूरला येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या आजींना ही कृती वाचून दाखवली तर त्या फक्त एवढेच विचारतील की व्हिनेगर कशाला. पिझ्झ्यासाठी नव्हती ती, मांसाबरोबर खायची होती. पण तव्याच्या पिझ्झ्याला ती चपखल बसते. किलोतले दोन-तीन टोमॅटो उकडण्याऐवजी गॅसवर जाळीत ठेवून साल काळी पडेपर्यंत भाजावेत आणि बाकीच्यांत मिसळावेत. भट्टीने जे नंतर करायचे ते आपण आधी करून ठेवले.

बाटलीतले केचअप हे तव्यावरचे सोपे उत्तर म्हणून पुष्कळ घरांत वापरतात. साखर आणि व्हिनेगर घालून ते इतके पूर्णत्वाला पोचलेले असते, की त्यात पुढे काही व्हायला जागाच नसते. तव्यावर निदान बिघडत तरी नाही. ओटीजीत त्यातली साखर कडेने जळते.

आता टोमॅटो. चोइथराम मंडीत किंवा पलासियाच्या हातगाडीवर दोन तऱ्हा दिसतात. गोल, चेपटा, वर घड्या पडलेला देशी. आणि लांबट, जाड सालीचा, टणक संकरित. आपण देशीच्या बाजूने भावुक होतो. सार, कोशिंबीर, शेव-टमाटर यांना तो हवाच, रस आणि आंबटपणा त्याच्यात आहे. पण पिझ्झ्याच्या सॉसला मी लांबट घेते. तो दूरच्या प्रवासात टिकावा म्हणून तयार केलेला आहे, आणि टिकण्यासाठी त्याला जो जाड गर आणि कमी रस दिला गेला, तोच इथे उपयोगी पडतो. इटलीतही सॉससाठी नावाजलेला सान मार्झानो लांबट आणि गरदारच असतो. अट एकच, तो पिकलेला हवा. झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावदकडून येणारा टोमॅटो थंडीत स्वस्त आणि लाल मिळतो, तरी आणल्यावर दोन-तीन दिवस टोपलीत, फ्रिजबाहेर, ठेवावा. जमले तर तीन लांबट आणि एक देशी असे प्रमाण ठेवावे. आंबटपणा त्या एकाकडून येतो.

आंबटपणाबद्दल एक सांगायला हवे. पाणी आटते तसा आंबटपणा दाट होतो, तो वाफेबरोबर जात नाही. म्हणून आटवलेला सॉस कच्च्यापेक्षा आंबट लागतो आणि चिमूटभर साखर लागते. इंदूरला पोह्यांतही साखर पडते, तेव्हा इथे कोणाला हे पटवून द्यावे लागत नाही. आवरावे मात्र लागते. मिठाचेही तसेच. कढईतल्या सॉसला सुरुवातीला चव बघून मीठ घातले आणि मग सॉस निम्मा आटला, तर खारटपणा दुप्पट. म्हणून कढईच्या सॉसला मीठ शेवटी. चाळणीच्या सॉसला आधी, कारण तिथे ते पाणी काढायला हवे आहे.

तेल आणि लसूण यांत आपली फोडणीची सवय आडवी येते. तेल कडकडीत तापवायचे आणि मग लसूण टाकायची, ती क्षणात तांबूस होते. आमटीला तो वास सुंदर. सॉसमध्ये तोच टोमॅटोवर चढून बसतो. कढईच्या सॉससाठी थंड तेलात ठेचलेली लसूण घालून मग गॅस लावावा, मंद. पाकळीचा रंग पालटण्याआधी टोमॅटो घालावा. लसणीची कमतरता माळव्याला नाही, मंदसौर-नीमचची मंडी लसणीसाठीच ओळखली जाते. शेजारी जैन असतील आणि पिझ्झ्याच्या पार्टीला येणार असतील, तर लसूण-कांदा वगळून तेलात हिंग. कोणाला काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. ऑलिव्ह तेल असेल तर छान, नसेल तर अडत नाही. इंदूर ही सोयाबीनची राजधानी, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही १९८७ पासून इथेच आहे. रोजच्या वापरातल्या सोयाबीन तेलाला स्वतःचा वास नसतो, ते टोमॅटोच्या आड येत नाही.

वासाच्या पानांचा भाग मला सगळ्यांत आवडतो. पाकिटातल्या ओरेगॅनोशिवाय पिझ्झा नाही अशी समजूत झाली आहे. ओरेगॅनोचा मुख्य वास कार्वाक्रोल नावाच्या द्रव्याचा. आपल्या ओव्याचा थायमोलचा. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका गटाची जागा बदललेली. म्हणून हातावर चोळलेला ओवा आणि ओरेगॅनो यांच्यात नाकाला ओळख पटते. कुंडीत जे जाड, लवदार पानांचे ओव्याचे झाड असते, ज्याच्या पानांची भजी करतात, त्यात तर कार्वाक्रोलच असते. आणखी जवळचा नातेवाईक म्हणजे मरवा. गजऱ्यात, वेणीत अबोलीबरोबर गुंफतात तो मरवा ओरेगॅनोच्याच कुळीतला, एकाच वंशाच्या दोन जाती. इतकी वर्षे आपण त्याला डोक्यात माळला, ताटात घेतला नाही. सब्जाचेही तेच. फालुद्यात ज्याचे बी घालतात त्या सब्जाचे झाड म्हणजे गोड तुळसच, पिझ्झ्यावरचे बेझिल ते हेच. जातीजातींत वासाचा फरक असतो, पण घरी सब्जाचे बी पेरून आलेली पाने सॉसला चांगली चालतात. फक्त फुलवाल्याकडची पाने खाऊ नयेत, त्यांवर काय फवारले असेल सांगता येत नाही. गॅलरीत एक कुंडी पुरते.

ही पाने कधी घालायची, याचे उत्तर पुन्हा पुढच्या आचेत आहे. वाळलेले ओरेगॅनो किंवा ओवा कोरडा असतो, त्याला भिजायला आणि तेलात उतरायला वेळ लागतो; तो कढईत शेवटची पाच मिनिटे, किंवा चाळणीच्या गरात आधीच मिसळून. ताजा मरवा आणि सब्जा उष्णतेत मरतात. नापोलीची ९० सेकंदे ते कसेबसे सोसतात, ओटीजीची १५ मिनिटे नाही. म्हणून ते पिझ्झा बाहेर आल्यावर. तव्यावर झाकण काढायच्या अर्धा मिनिट आधी. तिखटासाठी खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीत विकली जाणारी निमाडी लाल मिरची बियांसकट जाडसर कुटावी. पाकिटातल्या चिली फ्लेक्सपेक्षा तिला वास आहे. जिरावण मसाला? इंदूरकर विचारणारच. सॉसमध्ये नको, त्यातले जिरे-लवंग शिजून टोमॅटोला भाजीच्या रस्त्यावर नेतात. तयार पिझ्झ्यावर वरून भुरभुरा, हवे तेवढे. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत वाढलेल्या जिभेला तेवढी मुभा असलीच पाहिजे.

तिथल्या दुकानांची भट्टी आपल्या ओटीजीपेक्षा बरीच तापते, त्यामुळे त्यांचा पातळ सॉस त्यांना चालतो. घरी तसाच करायला गेलात तर फसगत.

राहिला साठवणीचा प्रश्न. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो देशात कितीतरी ठिकाणी दीडशे-दोनशे रुपये किलोवर गेला होता आणि हिवाळ्यात तोच कवडीमोल होतो, तेव्हा जानेवारीत सॉस करून ठेवावा असे कोणालाही वाटेल. करून ठेवावा, पण फ्रीझरमध्ये. तेलातली लसूण असलेला सॉस बाहेर किंवा बरणीत आठवडेच्या आठवडे ठेवणे धोक्याचे. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, त्यापुढे बर्फाच्या ट्रेमध्ये. आणि तो ठेवावा कुठल्या टप्प्याला? मी चाळणीच्या टप्प्याला ठेवते: पाणी काढलेला, मीठ घातलेला, कच्चा, लसणीशिवाय. त्याला पुढे कुठेही नेता येते. ओटीजी लावायचा असेल तर वितळवून लसूण-तेल मिसळले की झाले. गोठून वितळताना पेशी फुटून आणखी थोडे पाणी सुटते, ते निथळून घ्यावे. ऐनवेळी वीज गेली आणि पिझ्झा तव्यावर करायची वेळ आली, तर तेच चौकोन कढईत टाकून तेल सुटेपर्यंत परतावेत. पाणी आधीच गेलेले असल्यामुळे दहा मिनिटांत होतात. एका चौकोनात साधारण दोन चमचे सॉस मावतो. सात इंची बेसला दोन चौकोन, मुले कितीही म्हणोत, तिसरा नको.